खंडेनवमीला पालथा ठेवलेला कंट्रोलर

आदू, ऋतू,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला नाही, आईला नाही आणि तुम्हा दोघांना तर नाहीच. एकीला माहीत होतं, ती आता नाही. म्हणजे मी गेले की हे कुणालाच ठाऊक राहणार नाही. खरं सांगायचं तर कित्येक वर्षं मला तेच बरं वाटत होतं.

एकच मजकूर मी माझ्या हातानं दोनदा लिहिते आहे. एक प्रत कॅनडाला जाईल, एक जर्मनीला. शब्द न शब्द सारखा आहे. एकाला कमी, दुसऱ्याला जास्त असं व्हायला नको. तुमची आज्जी शिस्तीची, हे तुम्ही सगळ्यांना सांगत असता ना?

आत्ताच का, तेही सांगते. मागच्या महिन्यात ऋतू आदूकडे गेली होती, तेव्हाचा तो व्हिडिओ कॉल. इथं सकाळ होती, मी अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालत होते. आदू, तू फोन फिरवून मला तुझं काचेचं कपाट दाखवलंस. आत ओळीनं मांडलेले व्हिडिओ गेमचे अकरा कंट्रोलर, प्रत्येक आपापल्या पारदर्शक पेटीत. एक निळा, एक चंदेरी, एकावर ड्रॅगनची नक्षी. सगळे मोजकेच निघालेले. तू म्हणालास, “आज्जी, यातल्या एकालाही उघडा हात लागलेला नाही. हातमोजे घालूनच ठेवतो. वापरला की गेला.” ऋतू जवळून बघायला वाकली, तर तू ओरडलास, “ए पालिशपेपर, लांबूनच!”

सगळे हसले. कॉलवर असलेली तुमची आई हसली. मीही हसले. ऋतू, तूसुद्धा हसलीस. पण हसता हसता तू तुझे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातलेस. आदूला ते दिसलं नाही, तो कपाटाकडे बघत होता. मला दिसलं.

फोन ठेवल्यावर मी उरलेल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले आणि एकाच तुळशीला तीनदा घातलं.

तुम्ही दोघं माझ्याकडे मुरुमला राहिलात ती तीन वर्षं मी पुन्हा पुन्हा आठवते. तुमचे आईबाबा मस्कतला, आजोबा जाऊन दोन वर्षं झालेली आणि बसस्टँडमागच्या या दोन खोल्यांत आपण तिघं. माझी नुकतीच निवृत्ती झालेली. तीस वर्षं इंग्रजी शिकवून घरी बसले होते आणि घर मला खायला उठत होतं. तेवढ्यात तुम्ही आलात. घरात लगेच ओले टॉवेल, उघडी दप्तरं, एकाच पायात मोजा! मी दिवसभर तुमच्यावर ओरडायचे. खोटं कशाला बोलू, इतक्या सुखात मी आधी कधी नव्हते.

आदू तेरा वर्षांचा झाला तेव्हा बाबानं तो कंट्रोलर पाठवला. कुणीतरी सोलापूरला येणारं होतं, त्यांच्या हाती. पेटी उघडली तेव्हा आपण तिघंही तिच्यावर वाकलो होतो, आठवतं? पुढून मागून सगळा सोनेरी. आरशासारखा चकचकीत. आणि मागच्या बाजूला छोट्या चौकटीत काळ्या अक्षरांत नंबर — चारशे सतरा. आदूनं समजावून सांगितलं होतं, हे मोजकेच काढतात, प्रत्येकाचा नंबर वेगळा, जगात चारशे सतरावा एकच आणि तो मुरुमला. आपल्याकडे कामाला येणारी गंगूबाई दारातून बघत होती. म्हणाली, “अगं बया, हे तर सोन्याचं खेकडं!” त्या दिवसापासून घरात त्याचं नाव खेकडंच पडलं. लाईट आली की “खेकडं काढा”, लाईट गेली की “खेकडं ठेवा”.

मी लगेच नियम केले. साबणानं हात धुऊन, पुसून मगच हात लावायचा. चिवडा खाता खाता खेळायचं नाही. खेळून झालं की मऊ फडक्यानं पुसून पेटीत. एका कागदावर लिहून टीव्हीच्या कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं. आदू पाळायचा, पण पाळून पाळून कंटाळायचा. ऋतू मात्र अक्षर न अक्षर पाळायची.

आणि ऋतू खेळायची काय! आदू, आता तू मोठा झालास म्हणून सांगते, ती तुझ्यापेक्षा चांगली खेळायची. तू उठून उठून, आरडाओरडा करून खेळायचास. ही मांडी घालून, जीभ ओठाच्या कोपऱ्यात ठेवून, एक शब्द न बोलता जिंकायची. तिचे तळहात घामेजायचे, पहिल्यापासूनच. खेळ रंगात आला की कंट्रोलर आदूच्या मांडीवर ठेवायची, फ्रॉकला हात पुसायची, परत उचलायची. तेवढ्यात खेळातला तिचा माणूस मरायचा. तरी पुसायची. मला त्याचं केवढं कौतुक होतं, कधी बोलून दाखवलं नाही. तेव्हा कौतुक बोलून दाखवायची पद्धत नव्हती — की माझीच नव्हती?

वर्षभरात तो सोनेरी रंग थोडा मंद झाला. पुढच्या बाजूला, अंगठे टेकतात तिथं. गेलेला नव्हता, नुसता धुरकटल्यासारखा. वस्तू वापरून कशी झिजते हे मला चांगलं ठाऊक होतं. शाळेतल्या माझ्या खुर्चीचे हात, फळ्याच्या डस्टरची मूठ, आजोबांच्या पेनाचं टोपण. हातानं झिजलेल्या जागेला कड नसते. कुठं सुरू झाली, कुठं संपली, सांगता येत नाही. आणि जिथं हात पडतो तिथंच ती झिजते, शेजारी बोटभर अंतरावर वस्तू नवीच्या नवी असते. हे लक्षात ठेवा. मला ते माहीत होतं, म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं आहे.

दुसऱ्या वर्षीची खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी घरातली अवजारं, हत्यारं, ज्यावर आपलं चालतं ते सगळं घासूनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. एकदा मांडलं की दसऱ्याला उचलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्या वस्तूची ती एका दिवसाची सुट्टी. आपल्या पाटावर विळा, कात्री, आजोबांचं पेन, माझं लाल शाईचं पेन, ऋतूची कंपासपेटी असायची. शिलाई मशीनला जागेवरच हार. त्या वर्षी आदू म्हणाला, “आज्जी, माझं हत्यार पण ठेवायचं.” मला इतकं हसू आलं, इतका आनंद झाला — हा पोरगा मस्कतहून आलेली वस्तू आजोबांच्या पेनाशेजारी ठेवू म्हणतो! मी म्हणाले, ठेवू की.

तुम्ही दोघं झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलात. मी आणि गंगूबाई मोरीपाशी तांब्या-पितळेची भांडी घासत बसलो होतो. समया, घंटी, ताम्हन. चिंचेचा कोळ, मीठ आणि काथ्या. काळं पडलेलं ताम्हन दोन मिनिटांत लखलखलं. माझ्या मनात आलं, खेकडंही धुरकटलंय.

तुम्ही हसाल. तीस वर्षं शिकवलेली बाई! पण ती वस्तू हातात जड लागायची, चमकायची पितळेसारखी. मला वाटलं, आत धातू आहे, वर मुलामा आहे. पाण्यात बुडवायचा नाही एवढी अक्कल मला होती. काथ्या घट्ट पिळला, त्यावर थोडा कोळ घेतला आणि पुढची बाजू घासायला लागले. जशी ताटली घासतात तशी, गोल गोल, चांगला जोर लावून. पहिल्यांदा छान वाटलं. मळ निघतोय असं वाटलं. काथ्यावर पिवळं काही दिसलं, ते मी मळच समजले.

गंगूबाई ओरडली, “बाई, थांबा की वो, सोनं निघायलंय!”

मी थांबले. ओल्या फडक्यानं पुसून बघितलं. पुढची सगळी बाजू राखाडी. मळकं, करडं प्लास्टिक आणि त्यावर बारीक बारीक गोल ओरखडे. कडेला कुठं कुठं सोनेरी कपचे. ते दोन-तीन मिनिटांचं काम होतं. तुम्ही दोघांनी वर्षभर खेळून जे नुसतं धुरकटलं होतं, ते मी दोन-तीन मिनिटांत संपवलं.

चूक झाली, इथवर ती चूकच होती. चूक कुणाच्याही हातून होते. तुम्ही फुलं घेऊन आल्या आल्या मी सांगितलं असतं, तर आदू रडला असता, दोन दिवस बोलला नसता आणि तिसऱ्या दिवशी “आज्जीनं खेकडं घासलं” म्हणून आपण आयुष्यभर हसलो असतो. वर्गात मी मुलांना काय सांगायचे? चूक झाली असेल तर आधी हात वर करा, मग रडा. कितीतरी पोरांना मी असे हात वर करायला लावलेत.

तुमची चाहूल लागली. आदू, तू फाटकातूनच विचारत होतास, “मांडलं का, मांडलं का?” आणि मी — मी कंट्रोलर पाटावर पालथा ठेवला.

मागची बाजू वर. ती मी घासलेली नव्हती, ती सोनेरीच होती. तू म्हणालास, “उलटा का ठेवलास गं?” मी म्हणाले, “नंबर मागं आहे ना, पूजा नावाची करायची.” तुला ते इतकं आवडलं! तू वाकून त्या चारशे सतरावर स्वतःच्या हातानं कुंकू लावलंस. मी बघत होते. तेव्हा तरी सांगायला हवं होतं ना? मी आरती सुरू केली.

मग दिवसभर कुणी हात लावला नाही. तो नियमच होता. मला वाटलं एक दिवस मिळाला, काहीतरी सुचेल. काय सुचणार होतं?

दसऱ्याला सकाळी पूजा उचलली, आदूनं कंट्रोलर हातात घेतला आणि उलटला.

त्याचा चेहरा मी वर्णन करत नाही. आदू, तुला माहीत आहे. तू आधी कंट्रोलर उजेडात धरलास. मग नाकाशी नेलास, वास घेतलास. बटणांच्या फटीत कोळ वाळून बसला होता, एक बटण चिकटायला लागलं होतं. तू ऋतूकडे वळलास. “चिंच! चिंच खाल्लेल्या हातानं खेळलीस!”

कारण ऋतूच्या फ्रॉकच्या खिशात कायम चिंच असायची. मिठात घोळलेली चिंच, शाळेजवळच्या झाडाची. आणि काल दुपारी ती पाटापाशी बसलेली आदूनं पाहिली होती. “मी नाही खेळले, मी नाही खेळले” म्हणत ती रडायला लागली. तू म्हणालास, “हात बघ तुझे, हात आहेत का पालिशपेपर!”

तो शब्द तेव्हाचा आहे.

मी तिथं उभी होते. हातात आपट्याची पानं होती. मी म्हणाले, “आदू, सणासुदीचं ओरडू नकोस.” बस, एवढंच म्हणाले. जणू ओरडणं हीच काय ती चूक होती.

थोड्या वेळानं ऋतू स्वयंपाकघरात माझ्यामागं येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, “आज्जी, मी काल हात लावला होता. खेळले नाही गं. नुसता वरून हात ठेवला होता, बघायला. आणि हाताला चिंच होती.” मग तिनं मला विचारलं. तिला माझ्याकडून खरं उत्तर हवं होतं, कारण आज्जीला सगळं माहीत असतं आणि आज्जी खोटं बोलत नाही. तिनं विचारलं, “चिंचेनं रंग जातो का गं?”

ऋतू, मी पोळी लाटत होते. मी मान वर केली नाही. मी म्हणाले, “जाऊ शकतो.”

हे ते. याच दोन शब्दांसाठी मी हे सगळं लिहिते आहे.

मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला पुढची कित्येक वर्षं सांगितलं. चिंचेनं रंग जाऊ शकतो, हे खरंच आहे. मला त्याचा पुरावा ठाऊक होता. पण तू विचारत होतीस ते हे नव्हतंच. तू विचारत होतीस, “माझ्यामुळं झालं का?” आणि मी हो म्हणाले. दहा वर्षांच्या पोरीला, तिच्या स्वतःच्या हातांबद्दल.

त्या दिवशी दुपारी गंगूबाई भांडी घासता घासता म्हणाली, “बाई, लेकरू लई रडायलंय. म्या सांगू का आदूला, माझ्या हातनं झालं म्हनून? मला काय व्हतंय, दोन शब्द ऐकीन.” तिनं माझ्याकडे बघितलं नाही, ताटली घासत राहिली. मी ताठ होऊन म्हणाले, “नाही, तुमच्यावर कशाला आळ?” आणि बघा, मला तेव्हा स्वतःबद्दल बरं वाटलं! गरीब बाईवर आळ येऊ दिला नाही म्हणून. तो आळ नातीवर ठेवून मी मोठ्या मनाची झाले होते. गंगूबाई “बरं” म्हणाली. त्यानंतर ती आठ वर्षं या घरात राबली, पुन्हा त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त त्या दिवसापासून चिंचेचा कोळ ती स्वतःच करायची, मला करू द्यायची नाही.

तुमचं भांडण चार दिवसांत मिटलं. मला वाटलं, संपलं. पण ऋतू पुन्हा खेळली नाही. आदूनं बोलावलं, दोन-तीनदा मनापासून बोलावलं, “ये की, आता काय राहिलंय खराब व्हायचं” म्हणाला. ती बाजूला बसून बघायची. “डावीकडं जा, डावीकडं” सांगायची. हात मांडीखाली दाबून. मग वहीवर हाताखाली कागद घेऊन लिहायला लागली. मग दाराची कडी ओढणीनं लावायला लागली. आणि मी काय केलं? मी मशीनवर बसून तिला सहा रुमाल शिवून दिले. पांढरे, मऊ, कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं ऋ भरलेला. ती मला बिलगली होती. ऋतू, परवा तू म्हणालीस, जर्मनीतही तुझ्या पर्समध्ये रुमाल असतोच, “आज्जीनं लावलेली सवय” आहे ती. मागच्या हिवाळ्यात साखरपुड्यात अंगठी घालायच्या आधी तू हात दोनदा पुसलास. तुझ्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, किती टापटीप मुलगी आहे. माझ्याकडे बघून म्हणाल्या, शिकवण आहे.

का केलं मी असं? कारणं माझ्याकडे आहेत, पाठ आहेत. मी ती लिहीत नाही. लिहिली की ती कारणांसारखी दिसायला लागतील.

आदू पुण्याला कॉलेजला गेला तेव्हा म्हणाला, “खेकडं राहू दे, भंगारात दे.” मी दिलं नाही. मलमलच्या कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलं, वरच्या फळीवर. डब्यावर चिठ्ठी चिकटवायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे — पापड, सांडगे, सुई-दोरा. त्या डब्यावर मी काहीच लिहिलं नाही.

त्या कॉलनंतर मी तो डबा उतरवला. शेजारच्या मुलीला स्टुलावर चढवून काढून घेतला, काळजी करू नका. खिडकीपाशी बसून, भिंग घेऊन कंट्रोलर नीट बघितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघितला, असं म्हणायला हरकत नाही.

पुढची बाजू करडी. गोल ओरखडे अजून स्पष्ट आहेत. एका बाईनं ताटली घासावी तसे. हातानं असं झिजत नाही, हे कुणीही सांगेल, मला तर तेव्हाच सांगता आलं असतं. एक बटण अजून चिकटतं. बाकीची दबतात.

मग मी तो पालथा केला. खेळणाऱ्याचे तळहात खरे टेकतात ते मागच्या बाजूला, मुठींना. ऋतूचे घामेजलेले हात वर्षभर तिथंच होते. आणि खंडेनवमीच्या दिवशी चिंचेचा हात तिनं वरून ठेवला, तोही तिथंच. कारण कंट्रोलर पालथा होता, मीच ठेवला होता. पुढच्या बाजूला तिचा हात पोचूच शकत नव्हता. एवढं साधं त्या दिवशी आपण तिघांनीही पाहिलं नाही. तुम्ही दोघं लहान होता.

चारशे सतराच्या आकड्यांच्या कडेला तुझं कुंकू अजून थोडं आहे, आदू. आणि ऋतू, तुझे हात जिथं होते तिथला सोनेरी रंग शाबूत आहे. कुठंही गेलेला नाही.

— आज्जी